एकेका अडचणीसाठी एकेक गाडी : वॉटफर्डची स्कॅमेल

1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत घडलेल्या इंजिनांनी ओढली, हे रेल्वेचा नाद असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्यानंतरही शंभरेक वर्षं तिकडच्या कारखान्यांतून आपल्याकडे इंजिनं येत राहिली. पण ती कारखान्याच्या फाटकापासून बोटीपर्यंत कशी पोचत असतील, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा आणि ब्रिटनचे रूळ चार फूट साडेआठ इंचांचे. भारतासाठी बांधलेलं इंजिन त्या रुळांवर स्वतःच्या चाकांनी एक फूटही जाऊ शकत नाही. सुटं करून पाठवावं तर पलीकडे पुन्हा जुळणी, पुन्हा चाचणी, आणि त्यात झालेल्या चुकांची जबाबदारी कुणाची हा वाद. सबंध इंजिन रस्त्याने गोदीपर्यंत न्यायचं, तर ते ओढणारं काहीतरी हवं.

वॉटफर्डच्या स्कॅमेल लॉरीज या कंपनीने 1929 साली तसं वाहन बांधलं. शंभर टनी म्हणूनच ते ओळखलं गेलं. इंजिन चार सिलिंडरचं पेट्रोलवर चालणारं, सात लिटरचं, ताकद जेमतेम 80 अश्वशक्ती. आजची मध्यम आकाराची मोटारही याहून जास्त ताकदीची असते. पण ओढण्याचं काम गिअर करतात. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये फेऱ्यांची पुरेशी घट साधली की 80 अश्वशक्तीतही शंभर टन हलतात. फक्त वेगाचा हट्ट सोडावा लागतो. भरलेली गाडी ताशी पाच-सहा मैलांनी चाले. मागच्या चाकांना साखळीने गती दिलेली, टायर भरीव रबराचे. ट्रेलरच्या शेपटाकडची चाकं वेगळी वळवावी लागत, त्यासाठी मागे एक माणूस बसे. चढावर गिअर चुकला तर शंभर टन मागे सरकायला लागतात आणि ते थांबवणारे ब्रेक त्या काळी कुणाकडेच धड नव्हते, म्हणून चढाआधीच खालचा गिअर टाकून ठेवायचा आणि चढ संपेपर्यंत तो बदलायचा नाही. अशा गाड्या बनल्या फक्त 2. परदेशी निघालेली रेल्वे इंजिनं लिव्हरपूलच्या गोदीत पोचवणं हे त्यांचं नाव झालेलं काम. पुढे त्यांना गार्डनरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं.

स्कॅमेलचा सगळा स्वभाव या 2 गाड्यांत दिसतो. कंपनीने गठ्ठ्याने ट्रक विकण्यात कधी नाव काढलं नाही. गिऱ्हाईक एखादी अडचण घेऊन यायचं आणि हे लोक त्या अडचणीभोवती गाडी बांधायचे. माझ्या मते तिच्या चढणीचं कारण हेच होतं, आणि पुढे मोठ्या घरात गेल्यावर ती तिथे न रुजण्याचं कारणही हेच.

मूळ धंदा लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातला, घोडागाड्यांची चाकं आणि सांगाडे बनवणारा. जी. स्कॅमेल अँड नेफ्यू हे त्या पेढीचं नाव. पुढे ती वाफेवरच्या मालगाड्यांच्या दुरुस्तीत शिरली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका गिऱ्हाइकाकडे अमेरिकेतला नॉक्स ट्रॅक्टर होता, त्याच्या धर्तीवर काही बनवा अशी मागणी आली, आणि पर्सी ह्यू यांनी सहा चाकी जोडगाडी आखली: पुढे ओढणारा भाग, मागे त्याच्यावर टेकलेला अर्धा ट्रेलर. माल तीन ॲक्सलवर वाटला गेला की एकेका ॲक्सलवरचा भार कायद्यात बसतो आणि त्याच इंजिनावर जास्त माल जातो. आज कुठल्याही महामार्गावर जे दिसतं त्याची ही सुरुवातीची आवृत्ती. 1922 मध्ये स्कॅमेल लॉरीज ही स्वतंत्र कंपनी झाली आणि वॉटफर्डच्या टॉलपिट्स लेनवर कारखाना उभा राहिला. विशीच्याच दशकात त्यांनी बिनसांगाड्याचा टँकर ट्रेलर आणला. टाकीचं नळकांडं मुळातच वाकायला अवघड असतं, मग त्याच्याखाली पुन्हा लोखंडी तुळया कशाला वाहायच्या, एवढाच विचार. सांगाड्याचं वजन वाचलं, तेवढं तेल जास्त बसलं.

आता घोड्याकडे येतो, कारण स्कॅमेलची सगळ्यात हुशार वस्तू पायोनियर ही तिची गाजलेली सहा चाकी गाडी नसून मेकॅनिकल हॉर्स ही तीन चाकी ओढगाडी आहे असं माझं ठाम मत आहे. पायोनियरचे भक्त यावर चिडतात. चिडोत.

तिशीच्या सुरुवातीला ब्रिटिश रेल्वे कंपन्यांकडे स्टेशनातून दुकानांपर्यंत माल नेणारे हजारो घोडे होते. लॉरी आणून ते बदलता येईनात, कारण घोडा अरुंद बोळात जागच्या जागी वळतो, आणि माल उतरवायला गाडी सोडून घोडा दुसऱ्या गाडीला जुंपता येतो. लॉरी मात्र माल उतरेपर्यंत इंजिन आणि ड्रायव्हरसकट अडकून पडते. ॲक्टनच्या नेपियर कंपनीने तीन चाकी ओढगाडीची कल्पना काढली, ती स्कॅमेलला विकली, आणि स्कॅमेलच्या ओ. डी. नॉर्थ यांनी ती तडीस नेली. 3 टन आणि 6 टन अशा दोन मापांत ती निघाली, इंजिनं अनुक्रमे 1,125 आणि 2,043 सीसीची. पुढे एकच चाक असल्याने ते जवळजवळ आडवं वळायचं, आणि घोडा वळेल त्या बोळात ही गाडी वळायची.

खरी करामत जोडणीत होती. ट्रेलर मोकळा उभा असताना पुढच्या बाजूला त्याच्या पोटाखालची छोटी चाकं तो पेलून धरतात. ड्रायव्हर ओढगाडी सरळ मागे घेतो. ट्रेलरचे रोलर ओढगाडीच्या सांगाड्यावरच्या उतरत्या पट्ट्यांवर चढतात, ट्रेलरचं नाक थोडं उचललं जातं, पोटाखालची चाकं मागे दुमडतात आणि आकडे आपोआप अडकतात. ब्रेकची जोडणीही त्याच हालचालीत होते. सोडायचं तर केबिनमधला दांडा ओढायचा आणि पुढे निघायचं. छोटी चाकं आपल्या वजनाने खाली येतात. ड्रायव्हरला खाली उतरावं लागत नाही. त्यामुळे एका ओढगाडीला तीन ट्रेलर हे गणित बसलं: एक भरतोय, एक रिकामा होतोय, एक रस्त्यावर.

बिघाड व्हायचे ते याच सोयीच्या पोटात. मोकळा ट्रेलर ब्रेकविना किंवा गुटक्याविना उभा असेल, तर ओढगाडीच्या धक्क्याने तो वर चढायच्या ऐवजी मागे पळतो. जमीन उंचसखल असेल तर एका बाजूचा रोलर आधी चढतो, आकडा एकाच बाजूला धरतो आणि ड्रायव्हरला वाटतं जोडणी झाली. म्हणून जोडल्यावर लगेच भरधाव निघायचं नाही, हळूच पुढे ओढून बघायचं. झिजलेल्या आकड्यांचा आवाज गाडी थांबता-निघताना खडखड असा येतो. तो आवाज वंगणाने जात नाही, आकड्याचा आणि पिनेचा झिजलेला भाग भरून किंवा बदलूनच जातो. दुसरी अडचण तीन चाकांची. आधाराचा त्रिकोण पुढे निमुळता. वळण घेता घेता जोरात ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढकलतो, वजन पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर जातं, आणि त्या कोपऱ्यात चाकच नसतं. गाडी कलंडते. 1948 मध्ये आलेल्या स्कॅरॅबमध्ये इंजिन खाली आणि मागे, ॲक्सलजवळ नेलं ते याचसाठी. कलंडणं कमी झालं, संपलं नाही. फ्रान्समध्येही हा घोडा परवान्याखाली बनला.

नॉर्थ हे विचित्र डोक्याचे अभियंते होते, याला 1922 ची त्यांची नॉर्थ-लुकास मोटार साक्षी आहे: विमानासारखं गोल मांडणीचं इंजिन, तेही मागे बसवलेलं. ती चालली नाही. पण 1927 साली त्यांनी स्कॅमेलसाठी पायोनियर आखली, आणि ती बरीच वर्षं पुरली.

पायोनियरला सहा चाकं, त्यांतली मागची चार चालती, म्हणजे इंजिनाने फिरणारी. मागे दोन ॲक्सल असावेत असं वाटतं, पण आहे एकच. त्याच्या प्रत्येक टोकाला एक जाड, पोकळ, ओतीव लोखंडी पेटी मधोमध टेकवलेली, आणि पेटीच्या पुढच्या-मागच्या टोकाला एकेक चाक. पेटीच्या पोटात दंतचक्रांची रांग: मधलं चक्र ॲक्सलच्या दांड्यावर, मग दुवा साधणारी चक्रं, टोकाला चाकाचं चक्र. पेटी ॲक्सलभोवती झुलू शकते, त्यामुळे पुढचं चाक दगडावर चढलं की मागचं तेवढंच खाली दबतं, आणि दोघांवरचा भार सारखा राहतो. चाकाला दोन फुटांपर्यंत वरखाली व्हायची मुभा होती. पुढचा ॲक्सल मध्यभागी एकाच ठिकाणी टांगलेला, आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगवर. म्हणजे सांगाडा जमिनीशी तीन बिंदूंवर बोलतो, आणि तीन पायांचं काहीही कधी डुगडुगत नाही. खड्ड्यांत चाकं कशीही वेडीवाकडी झाली तरी सांगाडा पिळला जात नाही. सांगाडा पिळला नाही की रेडिएटरचे जोड, इंजिनाचे पाय, केबिनचे बोल्ट सगळंच जास्त टिकतं. वाळवंटातल्या तेलवाल्यांना हीच गाडी हवी होती.

या मांडणीच्या अटी मात्र कडक आहेत. एका बाजूची दोन्ही चाकं दंतचक्रांनी बांधलेली, त्यामुळे त्यांच्या फेऱ्या सारख्याच होणार. एक टायर नवा आणि दुसरा झिजलेला घातला तर परीघ वेगळे, अंतर वेगळं, आणि तो फरक कुठेतरी घासूनच भरून निघतो: मऊ जमिनीत टायर घसरतो, डांबरी रस्त्यावर दातांवर ताण साठत जातो. टायर बाजूच्या जोडीनेच बदलायचे, हवाही जोडीने सारखी. दोन्ही पेट्यांच्या चारही टोकांना तेलाची सीलं चिखलात बुडणारी. सील गळलं की तेल बाहेर येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच वाटेने पाणी आत जातं. पातळीच्या बोल्टमधून आलेलं तेल दुधाळ दिसलं तर वरून भर घालून भागवायचं नाही. तळाचा बोल्ट काढून सगळं सोडायचं, आणि सोडलेल्या तेलात चकाकणारा चुरा आहे का ते चुंबकाने तपासायचं. चुरा असेल तर पेटी उघडणं आलं.

युद्धकाळच्या पायोनियरमध्ये गार्डनर 6एलडब्ल्यू हे डिझेल इंजिन होतं: सहा सिलिंडर, सव्वाचार इंची बोअर, सहा इंची स्ट्रोक, 8.4 लिटर, 1,700 फेऱ्यांना 102 अश्वशक्ती. तेल थेट सिलिंडरात फवारलं जातं, म्हणून थंडीतही तापवायच्या प्लगशिवाय ते चालू होतं, आणि तेही हँडल मारून. आधी इंधनवाहिनीतली हवा काढायची. मग पंपावरचा एकेका सिलिंडरचा छोटा दांडा हाताने दाबत राहायचं, फवाऱ्याचा करकर आवाज आणि बोटाला कडकपणा जाणवेपर्यंत. दाब सोडणाऱ्या कळा उचलायच्या, म्हणजे व्हॉल्व्ह किंचित उघडे राहतात आणि इंजिन हलकं फिरतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही, कारण उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो. फ्लायव्हीलने गती घेतली की कळा पाडायच्या. न पेटल्यास बहुतेकदा हवा राहिलेली असते. पेटून लंगडत असेल तर त्या कळांची जुळवणी बघायची. एखादा व्हॉल्व्ह त्यांनी थोडासा उघडाच धरून ठेवलेला असतो, आणि तसंच चालवत राहिलं की तो जळतो.

गिअरबॉक्स सहा गिअरचा, दातांचा वेग जुळवून देणारा सिंक्रोमेश नाही, म्हणजे डबल क्लच: दर गिअरला क्लच दोनदा दाबायचा. त्यातही गार्डनरचं फ्लायव्हील जड असल्याने फेऱ्या सावकाश उतरतात. वरचा गिअर टाकताना घाई केली की दात खरडतात, चढावर फार थांबलं की गाडीच थांबते. या दोन्हींच्या मधली वेळ कानानेच कळते.

ब्रिटिश सैन्याने पायोनियर तीन रूपांत वापरली: जड तोफा ओढायला, रणगाडे वाहायला आणि बिघडलेली वाहनं उचलून आणायला. तिसरं रूप सर्वांत गाजलं. मागे बाहेर सरकणारी क्रेन, जितकी बाहेर तितका भार कमी, सांगाड्याखाली दोराने ओढणारी विंच, आणि पुढे बंपरवर टांगायला सुटी वजनं, कारण मागे जड वाहन उचललं की पुढची चाकं हलकी होऊन सुकाणू काम करेनासं होतं. चिखलासाठी मागच्या चाकांवरून साखळी पट्टेही चढवता येत. रणगाडे वाहण्याच्या कामात मात्र ती मागे पडली. वेग ताशी पंचवीस मैलांच्या आतला, ट्रेलर 30 टनांचा, आणि चर्चिल रणगाडा त्याहून जड. ते काम डायमंड टी या अमेरिकन ट्रककडे गेलं. पायोनियरचं कौतुक करताना ही बाब गाळू नये.

तिचा रेडिएटर बघण्यासारखा आहे. त्याला जाळीचा एकसंध गाभा नाही. तारेची वेटोळी गुंडाळलेल्या सुट्या उभ्या नळ्या वर आणि खाली रबरी सीलमध्ये बसवलेल्या. एक नळी फुटली तर रस्त्यातच बदलता येते: पाणी सोडायचं, नळी वरच्या सीलमध्ये आणखी वर ढकलायची, खालचं टोक मोकळं झालं की तिरकी करून काढायची, नवी उलट क्रमाने. सील ओलं करून घ्यायचं, कोरडं ठेवलं तर नळीची कड रबराचा ओठ कापते आणि नवी नळी जुन्यापेक्षा जास्त गळते.

युद्धानंतर माउंटेनियर, एक्सप्लोरर, कन्स्ट्रक्टर या गाड्या आल्या, आता पुढची चाकंही चालती. एक्सप्लोररला मेडोजचं दहा लिटरहून मोठं पेट्रोल इंजिन होतं. एक गंमत म्हणून शोट्रॅक सांगायला हवी: जत्रेतल्या पाळणेवाल्यांसाठी बांधलेली ओढगाडी, जी दिवसा ट्रेलर ओढायची आणि रात्री जनरेटरवर पाळण्यांचे दिवे पेटवायची. अशा 18 बनल्या.

1955 मध्ये ट्रक आणि बस बनवणाऱ्या लेलँडने स्कॅमेल विकत घेतली. त्याच वर्षी मद्रासची अशोक मोटर्स लेलँडच्या भांडवलासह अशोक लेलँड झाली. म्हणजे वॉटफर्डचा कारखाना आणि आपल्या रस्त्यांवरचे कॉमेट ट्रक एकाच घरात आले. सुरुवातीला लेलँडने स्कॅमेलला मोकळं सोडलं आणि ते शहाणपणाचं होतं. 1962 पासून इटलीच्या मिकेलोत्ती यांनी आखलेल्या फायबरग्लासच्या केबिन आल्या, आधी रूटमनवर, मग हँडीमन आणि ट्रंकरवर. 1964 मध्ये काँट्रॅक्टर, अवजड ओढकामाची राणी. मग क्रुसेडर.

फायबरग्लासबद्दल एक गैरसमज आहे की तो गंजत नाही म्हणजे सुखी. कवच गंजत नाही, पण आत गाडलेला लोखंडी सांगाडा गंजतो, फुगतो आणि कवच आतून फोडतो. बिजागरी आणि पायांच्या बोल्टांपाशी तडे जातात. तडा वरून पुट्टी भरून रंगवला तर काही महिन्यांत तिथेच परत येतो, कारण भार वाहणारे धागे तुटलेलेच असतात. आतून-बाहेरून निरोगी थरापर्यंत तिरकं घासायचं, आधी लोखंड दुरुस्त करायचं, सगळं कोरडं करायचं, आणि मग काचधाग्याचे थर लहान ते मोठे असे चढवायचे.

1968 मध्ये लेलँड मोटारी बनवणाऱ्या कंपनीशी विलीन होऊन ब्रिटिश लेलँड झालं आणि हिशेब बदलला. एईसी, गाय मोटर्स, थॉर्नीक्रॉफ्ट, अल्बियन, सगळ्या जुन्या पेढ्या एका छताखाली, मोटारींच्या तोट्याखाली दबलेल्या. बेसिंगस्टोकचा थॉर्नीक्रॉफ्टचा कारखाना मोडला तेव्हा विमानतळावरच्या अग्निशामक गाड्यांचा त्यांचा न्युबियन सांगाडा वॉटफर्डला आला. वेगळं, थोडक्या संख्येचं, अवघड असं काही असलं की वॉटफर्डला पाठवा, असं चाललं होतं. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश सैन्यासाठी कमांडर बनली: रोल्स-रॉइसचं 26 लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन, 625 अश्वशक्ती, ॲलिसनचा स्वयंचलित गिअरबॉक्स, चॅलेंजर रणगाडा वाहण्यासाठी. 125 बनल्या.

1987 मध्ये लेलँडचा ट्रकधंदा हॉलंडच्या डॅफमध्ये विलीन झाला आणि 1988 मध्ये टॉलपिट्स लेनचा कारखाना बंद पडला. मागणीनुसार एकेक बांधणारा कारखाना असेम्ब्ली लाइनच्या हिशेबात बसत नव्हता. दर गाडीमागे अभियंत्यांचे तास मोजले की तो नेहमीच महाग दिसणार. त्या तासांमुळेच गिऱ्हाईक येतं, हे लिहायला हिशेबाच्या वहीत रकाना नसतो. खुद्द लेलँड डॅफ 1993 मध्ये कोसळली, म्हणजे तो हिशेबही फार खरा नव्हता. एस24 या शेवटच्या अवजड गाडीचे हक्क युनिपॉवर या कंपनीने घेतले, आणि युनिपॉवर 1994 मध्ये अल्व्हिस कंपनीकडे गेली. कारखान्याच्या जागी घरं झाली. रस्त्यांना स्कॅमेल वे, एक्सप्लोरर ड्राइव्ह, क्रुसेडर वे अशी नावं आहेत.

जुन्या स्कॅमेल जपणाऱ्यांना त्या मागणीनुसार बांधण्याचा त्रास अजून होतो. एकाच नावाच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्यांत इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, ॲक्सलचं गुणोत्तर वेगळं असू शकतं. नावावरून सुटा भाग मागवला तर तो बसेलच असं नाही. आधी चासी नंबर शोधायचा. पाटी गेलेली असेल तर सांगाड्यावर गंज घासून ठोकलेला आकडा वाचायचा, आणि त्या नंबरची मूळ बांधणीची नोंद मिळवून इंजिन आणि गिअरबॉक्सवरचे नंबर तिच्याशी ताडून बघायचे. काँट्रॅक्टरसारख्या कामकरी गाड्यांत इंजिनं अनेकदा बदललेली सापडतात, त्यामुळे क्लचची प्लेट मागवताना नोंदीवर विसंबू नये. ती काढून, दात मोजून, व्यास मापूनच मागवावी.